राखलेली जागा

टूवूंबा
क्वीन्सलँड
१४ जून २०२०

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तू फक्त स्वतःचं कपाळ दाखवतेस, म्हणून सरळ कागद घेतला. स्वप्नाला सांग, मामा म्हातारा झाला म्हणून हसू नकोस. तुझ्या कानाचं यंत्र दुरुस्त झालं का?

बातमी अशी की आमचा क्लब उघडला. मार्चपासून गेटला कुलूप होतं. तू कधी इकडे आली नाहीस म्हणून थोडं समजावून सांगतो. तुळतुळीत कापलेल्या हिरवळीवर एक छोटा पांढरा चेंडू टाकायचा आणि मग आपले जड काळे गोळे घरंगळवत त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. गोळा एका अंगाला कललेला असतो, त्यामुळे तो सरळ जातच नाही, वळसा घेऊन येतो. धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. एकाहत्तराव्या वर्षी मी तिथल्या तरुणांत मोडतो.

क्लब १९२३ सालचा. आसपासच्या शेतकऱ्यांनी रुळाला घोडे जुंपून जमीन सपाट केली म्हणतात. बायकांना कित्येक वर्षं फक्त मंगळवारी प्रवेश असे आणि बाकीचे दिवस त्यांनी चहा करायचा. आता चाळीसेक लोक उरलेत. सेक्रेटरी मर्व्ह सगळं एकहाती बघतो.

मला इथली आवडलेली गोष्ट म्हणजे डबा. प्रत्येकाच्या नावाची एक लाकडी पट्टी असते. शनिवारी दुपारी गेलं की आपली पट्टी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मर्व्ह डबा खुळखुळवून दोन-दोन पट्ट्या काढतो, आणि निघतील ते दोघं त्या दिवसाचे जोडीदार. डॉक्टर असो, ट्रक चालवणारा असो. ही गेल्यावर मी पोराकडे, विराजकडे आलो त्याला सात वर्षं झाली, पण 'आज कुणाबरोबर' हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता साथीमुळे डबा बंद. जोडी आधीच ठरवून गुरुवारपर्यंत वहीत लिहायची, दर वेळी तेच दोघं, म्हणजे कुणाला लागण झाली तर शोधायला सोपं. काल छान ऊन होतं. रे आणि ग्लेनिस हे नवरा-बायको जिंकले. ग्लेनिसचा शेवटचा गोळा पांढऱ्या चेंडूला अगदी टेकला. चहा ज्याचा त्याने घरून आणायचा. नोरीन नावाची एक म्हातारी आहे, तिचा नवरा गेल्या वर्षी गेला. ती गाडी कुंपणाशी लावून आत बसूनच खेळ बघते, काच वर करून. फार घाबरलेली दिसते. एकंदर मजा आली.

विराजच्या हॉस्पिटलात सध्या शांत आहे, तरी तो माझ्यापासून लांबच राहतो. मी मागच्या खोलीत, तो पुढच्या घरात. जेवण दारात ठेवतो.

तुझा,
यादव


क्रेगीबर्न
मेलबर्न
२५ जून २०२०

प्रिय यादव,
जयभीम.

पत्र पोचलं. पोस्टमन आता दिवसाआड येतो. यंत्र दुरुस्त झालेलं नाही, दुकान बंद आहे. घरात सगळे आपापल्या लॅपटॉपशी बोलत असतात. स्वप्ना स्वयंपाकघरात, जावई गॅरेजमध्ये, नातबाई उर्वी तिच्या खोलीत. मी कुणाचे ओठ वाचायला गेले की हाताने थांबवतात, "आई, मीटिंग." मी भिंतीला म्हणते, चालू दे तुझी पण मीटिंग.

आता मुद्द्याचं. मी तेहेतीस वर्षं मुलांचे निबंध तपासले. 'आमची सहल' ह्या निबंधात ज्या पोराने बस, डबे, झाडं, बाईंची साडी सगळं लिहिलं आणि स्वतः काय केलं ते लिहिलं नाही, ते पोर सहलीला गेलेलंच नसे. तुझ्या पत्रात रे आहे, ग्लेनिस आहे, तिचा गोळा आहे, गाडीतली म्हातारी आहे. तू कुठे आहेस?

त्या शनिवारी तू कुणाबरोबर खेळलास, एवढंच लिही.

ताई


टूवूंबा
३ जुलै २०२०

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, तू तर बाईंची पट्टीच काढलीस.

मी खेळलो नाही. क्लब उघडल्यापासून एकदाही नाही. दर शनिवारी पांढरे कपडे करून जातो, गुणफलकावर आकडे बदलतो, मॅट झटकतो आणि परत येतो. वहीत दोन नावं लागतात आणि माझ्याकडे एकच आहे.

आता तू चिडशील आणि म्हणशील की ह्या लोकांनी रंग बघून बाजूला ठेवलं. तसं नाही गं. सगळे "हाऊ यू गोइंग, मेट" म्हणतात. नवरा-बायकोंच्या जोड्या आपोआप झाल्या, जुन्या मित्रांच्या झाल्या. प्रत्येकाला वाटलं, यादवचं कुणीतरी असेलच. नकार देणारा माणूस निदान समोर दिसतो तरी. मला कुणी नकार दिलाच नाही. मला कुणी विचारलंच नाही.

तू म्हणशील, मग तू विचार. आबा काय सांगायचे ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. गावच्या विहिरीपाशी लांब उभं राहून, कुणी ओंजळीत पाणी ओततंय का म्हणून वाट बघत ते लहानाचे मोठे झाले. भुसावळला रेल्वेत लागल्यावर त्यांनी आपल्याला एकच शिकवलं, कुणाच्या दारात उभं राहून काही मागायचं नाही. मी नोकरीतली बढतीसुद्धा मागितली नाही, परीक्षा देऊन घेतली. डबा मला म्हणूनच आवडायचा. त्यात मागावं लागत नसे.

हे विराजला कळवू नकोस. त्याला वाटतं मी खेळतो.

यादव


क्रेगीबर्न
११ जुलै २०२०

यादव,

आमचा पिनकोड सगळ्यांच्या आधी बंद केला, मग सगळं मेलबर्न बंद झालं. तुमच्या क्वीन्सलँडने आमच्या तोंडावर दार लावलं. जावयाला आता कामासाठी गोदामात जावं लागतं म्हणून तो घरातसुद्धा आमच्यापासून लांब जेवतो.

तुझं पत्र वाचून मी चिडले, पण तू म्हणतोस त्यांच्यावर नाही, तुझ्यावर. आबांनी पाणी मागू नका म्हणून सांगितलं. खेळायला ये म्हणू नका असं सांगितलं नव्हतं. पाणी मागणारा खाली उभा असतो आणि देणारा वर. खेळायला बोलावणारे दोघं एकाच हिरवळीवर उभे राहतात. सत्तरी उलटली तरी हा फरक तुला समजावून सांगावा लागतो.

पण मला माहीत आहे, तू विचारणार नाहीस. लहानपणी पतंग अडकला तर झाडाखाली बसून राहायचास, वाऱ्याने पडेल म्हणून.

तेव्हा असं कर. वहीत दोन नावं लागतात ना? माझं लिही. कमला. सीमा उघडली की मी येणारच आहे तुझ्याकडे, तोपर्यंत माझे गोळेही तूच टाक. मर्व्ह नाही म्हणाला तर म्हणावं, माझी बहीण शिक्षिका होती आणि ती इंग्रजीत पत्र लिहू शकते.

ताई


टूवूंबा
२६ जुलै २०२०

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तू रागाने लिहिलंस की गमतीने ते कळलं नाही, पण मी तसंच केलं. मर्व्हला म्हटलं, माझी जोडीदार मेलबर्नला अडकली आहे, ती येईपर्यंत तिचे गोळे मी टाकू का. मर्व्हने वही मिटली. मग मला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि भिंतीवर जोड्यांच्या नावांच्या फळ्याचा एक जुना फोटो दाखवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्लबचे बरेच लोक लढायला गेले होते. तेव्हा डबा नव्हता, जोड्या ठरलेल्या असत, आणि इथे एक पद्धत पडली. गेलेल्याचं नाव फळ्यावरून काढायचं नाही. त्याचा जोडीदार दोघांचे गोळे टाकायचा. ह्याला ते जागा राखणं म्हणत. राखलेली जागा दुसऱ्या कुणी मागायची नाही, राखणारा स्वतः सोडत नाही तोपर्यंत तो विषयसुद्धा काढायचा नाही. मर्व्हच्या वडिलांनी आपल्या भावाची जागा चार वर्षं राखली. भाऊ परत आला की नाही ते मी विचारलं नाही.

मर्व्हने स्वतःच्या हाताने फळ्यावर खडूने लिहिलं, 'यादव आणि कमला'.

काल मी खेळलो, ताई. चार गोळे माझे आणि चार तुझे. तुझ्या गोळ्यांना ग्लेनिसने पिवळे स्टिकर लावून दिले. समोर रे आणि ग्लेनिस होते. आपण दणकून हरलो, पण तुझा एक गोळा माझ्या चारांपेक्षा जवळ गेला. रे म्हणाला, "युअर सिस्टर्स बीटिंग यू, मेट." सगळे हसले आणि मीही हसलो. किती दिवसांनी.

एक विचित्र गोष्ट झाली. नोरीन काल पहिल्यांदाच गाडीतून उतरली. पायात खेळायचे सपाट बूट होते. फळ्यापर्यंत आली, नावं वाचली आणि परत जाऊन गाडीत बसली. म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही.

हिरवळीचा नकाशा काढून सोबत पाठवतो.

यादव


क्रेगीबर्न
९ ऑगस्ट २०२०

यादव,

नकाशा उर्वीने मोठा करून कॉरिडॉरमध्ये चिकटवला आहे. आता आम्हाला दिवसात एक तास बाहेर पडता येतं, पाच किलोमीटरच्या आत आणि रात्री कर्फ्यू. बाहेर सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे ओठ दिसत नाहीत. परवा रस्त्यात एक बाई माझ्याशी बराच वेळ काहीतरी बोलली. डोळ्यांवरून चांगलं बोलत असावी. मी मान डोलावली आणि घरी आले.

तर आता खेळाचं. गोळा वळसा घेतो म्हणालास, म्हणून मी घरात वळसा घेणारं काय आहे ते शोधलं. बटाटा. एका अंगाने फुगलेला बटाटा घेतला की तो अगदी तुझ्या गोळ्यासारखा लांबून फिरून येतो. पांढऱ्या चेंडूच्या जागी लसणाचा गड्डा. मी आणि उर्वी शनिवारी दुपारी तुमच्याच वेळेला खेळतो. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आणि बटाट्याला दोन्ही कळतं. स्वप्ना म्हणते, भाजीला बटाटे ठेवा.

माझ्या निरीक्षणावरून सांगते, तू उजवीकडून टाकत असणार आणि कमी टाकत असणार. लहानपणापासून तुला वाटतं की जोर लावला तर कुणीतरी रागावेल. माझे गोळे डावीकडून टाक आणि पुढे जाऊ दे. पुढे गेलेला गोळा बघायला तरी मिळतो.

उंटावरून शेळ्या हाकते आहे, पण हाकू दे. माझ्याकडे सध्या दुसरी गुरं नाहीत.

ताई


टूवूंबा
३० ऑगस्ट २०२०

प्रिय ताई,

जिंकलो. डावीकडून, जोर लावून. तुझा शेवटचा पिवळा गोळा पांढऱ्या चेंडूला घासून थांबला आणि रेने टोपी काढली. मर्व्हने दोन जणांच्या नावाने एक सॉसेजचं पाकीट बक्षीस दिलं. मी खात नाही हे त्याला माहीत नाही. विराजने सॉसेज भाजून खाल्ले आणि पहिल्यांदाच अंगणात खुर्ची टाकून माझ्याशी तासभर बोलला, लांबूनच.

सगळा क्लब आता विचारतो, "हाउज कमला?" मी तुझ्या पत्रातलं सांगतो. बटाट्याची गोष्ट ग्लेनिसने तिच्या मुलीला फोनवर सांगितली.

तू कशी आहेस ते नीट लिही. तुझ्या पत्रात कॉरिडॉर असतो, उर्वी असते, तू स्वतः कमी असतेस. हे मी तुझ्याकडूनच शिकलो.

यादव


टूवूंबा
४ ऑक्टोबर २०२०

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. स्वप्नाला फोन केला तर म्हणाली, सगळं ठीक आहे मामा, पोस्ट फार उशिरा जातं सध्या. तसंच असेल. बातम्यांत दाखवतात की पार्सलांचे डोंगर पडलेत.

आपण मागचे तीन शनिवार हरलो. तुझ्या सूचना आल्या नाहीत की मी परत उजवीकडे जातो.

वसंत आलाय इथे, सगळं गाव फुलांचं झालंय. नोरीनची गाडी अजून कुंपणाशीच असते. मी तिला हात करतो, तीही करते.

पत्र पाठव. दोन ओळी चालतील.

यादव


क्रेगीबर्न
१८ ऑक्टोबर २०२०

यादव,

दोन ओळी म्हणालास म्हणून.

जरा बरं नव्हतं. आता ठीक. अक्षर वाकडं आलंय, कारण मांडीवर पाटी घेऊन लिहिते आहे. डावीकडून टाक.

ताई


टूवूंबा
२६ नोव्हेंबर २०२०

प्रिय ताई,

उघडली. एक डिसेंबरपासून व्हिक्टोरियाला क्वीन्सलँडची सीमा उघडते आहे. मी मर्व्हला आधी फोन केला आणि विराजला नंतर. तुझं तिकीट विराज काढतो, ब्रिस्बेनला घ्यायला आम्ही दोघं गाडीने येऊ. तुझ्यासाठी पांढरे सपाट बूट घेतलेत, पाच नंबर. लहान झाले तर बदलून देतात.

क्लबमध्ये लहान मुलांसारखी गडबड चालू आहे. ग्लेनिस केक करणार आहे. रे म्हणतो, आता यादवला खरं कळेल बहीण कशी खेळते ते. मर्व्हने सांगितलं, क्लबच्या इतिहासात राखलेल्या जागेवर माणूस परत आल्याचा सोहळा त्याने कधी पाहिला नाही, जे झाले ते तो जन्मण्याआधी.

तू फक्त तारीख सांग. मला तुला बघायचंय, ताई. मला खेळ वगैरे काही नको, तू समोर खुर्चीत बसून मला नावं ठेव.

यादव


क्रेगीबर्न
३ डिसेंबर २०२०

प्रिय यादव,

तिकीट काढू नका. काढलं असेल तर पैसे परत घ्या.

सप्टेंबरमध्ये मी पडले. कॉरिडॉरमध्येच, बटाटा उचलायला वाकले आणि उठलेच नाही. खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्समध्ये स्वप्नाला चढू दिलं नाही. ऑपरेशन झालं आणि मग बरेच दिवस मी तिथे एकटी होते. भेटायला कुणाला परवानगी नव्हती. नर्सेस चांगल्या होत्या, पण सगळ्यांची तोंडं झाकलेली. यादव, मला एक शब्द कळत नव्हता. त्या विचारायच्या आणि मी मान डोलवायची. एकदा बहुधा जेवण हवं का विचारलं आणि मी नाही म्हणाले असणार, कारण ताट आलंच नाही. मी मनातल्या मनात सगळा भुसावळचा बाजार फिरून आले, दुकान नि दुकान. दुसरं काही करायला नव्हतं.

स्वप्नाला मी शपथ घातली की तुला आणि विराजला सांगायचं नाही. तू एवढ्यात कुठे हसायला लागला होतास.

आता चार पायांची ती चौकट धरून संडासपर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात सुधारेल. मला माझं वय माहीत आहे. विमानात बसायचं, हिरवळीवर वाकायचं, हे आता माझ्याकडून होणार नाही. होईल असं म्हणून तुला आणखी वर्षभर आशेवर ठेवायला मी तयार नाही.

आणि म्हणून दुसरी गोष्ट. फळ्यावरून माझं नाव काढ. रडू नकोस, आधी ऐक. मी नाव दिलं ते तात्पुरतं, तू घरी बसू नयेस म्हणून. पण तू त्या नावाआड बसलास. तुला विचारावं लागलं नाही म्हणून तू खूश, आणि मला शनिवार मिळाला म्हणून मी खूश. असं चाललं तर तू ऐंशी वर्षांचा होशील आणि अजून दोघांचे गोळे टाकत असशील. मी नसेन, आणि तू त्या मर्व्हच्या वडिलांसारखा राखत बसशील.

वहीत एक जागा मोकळी कर आणि ह्या शनिवारी एका जिवंत माणसाला विचार. कुणालाही. नाही म्हणाला तर दुसऱ्याला. हे मी मोठी बहीण म्हणून सांगते आहे, तेव्हा वाद घालू नकोस.

ताई


टूवूंबा
१३ डिसेंबर २०२०

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र बुधवारी आलं. मी ते विराजला वाचून दाखवलं, कारण माझ्याच्याने एकट्याने धरवेना. तो पुढच्या घरातून मागे आला आणि आत येऊन माझ्याजवळ बसला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. त्याने स्वप्नाला फोन करून खूप बोल लावले आणि मग दोघं रडले. मला तुझा राग आला आहे. तू तिथे उपाशी पडलीस आणि मी इथे सॉसेज जिंकल्याचं लिहीत होतो. हा राग जायला वेळ लागेल. फेब्रुवारीत विराजला सुट्टी आहे, आम्ही दोघं क्रेगीबर्नला येतो. त्यावर तू वाद घालू नकोस.

आता तू सांगितलंस ते.

काल मर्व्हला म्हटलं, मी जागा सोडतो. त्याने फडकं माझ्या हातात दिलं. पद्धतच तशी आहे म्हणाला, राखणाऱ्याने स्वतः पुसायचं. मी पुसलं. ताई, ते फार जड गेलं.

मग तिथेच उभा राहिलो. कुणाला विचारू? रेला त्याची बायको आहे, बाकी सगळ्यांना कुणी ना कुणी आहे. कुंपणाशी नोरीनची गाडी उभी होती. तिला साथीची भीती वाटते हे माहीत होतं, तेव्हा ती नाही म्हणणार आणि माझी सुटका होणार असा हिशेब करून मी गेलो. खोटं कशाला सांगू.

मी काचेवर बोट वाजवलं. तिने काच खाली केली. मी म्हटलं, माझ्याबरोबर खेळशील का?

तिने काच आणखी खाली केली. मग म्हणाली, "बट यू वेअर कीपिंग अ स्पॉट, लव्ह. यू डोन्ट आस्क फॉर अ केप्ट स्पॉट."

तिला साथीची भीती कधीच वाटत नव्हती. नवरा गेल्यावर तिच्याही वहीत एकच नाव उरलं होतं. जूनपासून ती मला गुणफलकापाशी उभा बघत होती आणि तिला वाटायचं, हा तरी एकटा आहे, ह्याला विचारू. धीर गोळा करायला तिला महिना लागला. जुलैतल्या त्या शनिवारी ती बूट घालून मला विचारायलाच उतरली होती. फळ्यापर्यंत आली आणि तिथे 'यादव आणि कमला' वाचलं. तेव्हापासून ती दर शनिवारी येऊन बसायची. विचारता येत नव्हतं म्हणून नुसतं बघायची.

मी तिला म्हटलं, माझ्या बहिणीने जागा सोडली आहे. ती म्हणाली, तुझ्या बहिणीला सांग, मी तिची आभारी आहे. मग गाडीच्या डिकीतून तिने आपले गोळे काढले. पुसून तयार होते. गुरुवारच्या नियमाकडे मर्व्हने काणाडोळा केला.

आम्ही हरलो. ती माझ्याहून वाईट टाकते. पण आमची नावं आता वहीत आहेत.

तू कशी आहेस, ह्या वेळी खरं लिही.

यादव


क्रेगीबर्न
२२ डिसेंबर २०२०

प्रिय यादव,
जयभीम.

तुझं पत्र उर्वीला मोठ्याने वाचायला लावलं. मला काही ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड बघून कळत होतं. मराठी अडखळत वाचते. नोरीन फळ्यापर्यंत येऊन परत गेली, तिथे ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, दॅट्स सो सॅड." मी म्हटलं, सॅड कशाला, दोन म्हातारी माणसं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ती गेल्यावर मी पत्र परत वाचलं. पाच महिने त्या बाईची वाट मी अडवून बसले होते. चांगलं करायला गेले, तेही असं.

फेब्रुवारीत या. स्वप्नाने आत्ताच गाद्या उन्हात टाकल्या आहेत.

खरं लिही म्हणालास, तर लिहिते. पडल्यानंतरही मी शनिवार सोडला नव्हता. मी खुर्चीत बसायची आणि उर्वी माझ्या सांगण्यावरून बटाटा टाकायची. हॉस्पिटलात असताना तर मी शनिवार मोजूनच दिवस काढले. आज यादव माझे गोळे टाकत असेल, एवढं एक मला तिथे माहीत होतं. माझं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे आणि कुणीतरी माझ्या वाटणीचं खेळतंय, हे किती मोठं असतं ते तुला लिहून कळणार नाही.

मागच्या शनिवारी उर्वीने सवयीने नकाशापाशी लसूण ठेवला आणि माझी खुर्ची ओढून आणली. मी तिला म्हटलं, ठेवून दे, आता आपली पाळी नाही. ती बाहेर मैत्रिणींकडे गेली. आता सगळं उघडलं आहे, जाणारच. घरात कुणी नव्हतं. मी चष्मा लावला, परत काढून ठेवला.

तुझं नाव त्या बाईबरोबर लागलं ह्याचा मला फार आनंद झाला आहे. आणि शनिवारी दुपारी मला आता काही काम नाही.

ताई